पोरीसाठी ग्रीक पुराणातलं नाव ठेवावं का? कृत्तिका नक्षत्र, अक्षरं अ ई उ ए

कपाशीवाला_आर्वी
राम राम मंडळी. माया घरी मागच्या महिन्यात पोरगी झाली, पहिलंच लेकरू. आर्वीजवळच्या खेड्यात राह्यतो, कोरडवाहू शेती हाय. गुरुजींनी कृत्तिका नक्षत्र सांगतलं, अक्षरं अ, ई, उ, ए. आता गावात आराध्या, अनन्या, ईश्वरी इतक्या झाल्या का एकीले हाक मारली त तिघी पाह्यतात.
मले ग्रीक कथांची आवड कॉलेजात असताना लागली, हॉस्टेलच्या लायब्ररीत एक फाटकं पुस्तक होतं तेवढ्यावरून. त्यात वाचलं का आपन ज्याले कृत्तिका म्हंतो तोच झुपका त्याईच्यासाठी अ‍ॅटलासच्या सात पोरी, ओरायन नावाचा शिकारी त्याईच्या मागं लागला म्हून देवाईचा राजा झ्यूसनं त्याईले आभाळात नेऊन ठेवलं, आन तो ओरायन म्हंजे आपलं मृग नक्षत्र, अजूनही मागं मागं चालूनच रायला. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीले मचाणावर पडलो का हे सगळं डोक्यावर दिसते. म्हून पोरीचं नाव तिकडचं ठेवाव असं लय मनातून वाटते. तीन काढले: अल्क्योनी (सातातली एक), इलारा, अरिआदनी. बायको इलारावर खूश हाय, इंटरनेटवर अर्थ ‘चमकणारी’ दिला हाय. आजीले एकही नाव धड म्हनता येत नाई. काय करू?

तळ्याकाठी_भंडारा
अभिनंदन भाऊ! आधी इलाराचं सांगतो कारण वहिनीला ते आवडलंय. ‘चमकणारी’ वगैरे नावांच्या साइटवर लिहून ठेवतात, मूळ कथेत तसं काही नाही. इलारावर झ्यूसचं मन गेलं, बायको हेरा हिच्या रागाला भिऊन त्यानं तिला जमिनीच्या पोटात लपवलं, तिथं तिला टिटिओस नावाचा राक्षसासारखा मुलगा झाला आणि काही कथांत ती त्याच बाळंतपणात गेली. गुरूच्या एका चंद्राला हे नाव आहे, 1905 मध्ये सापडलेला, तेवढं छान आहे. पण उद्या पोरगी विचारेल माझ्या नावाची गोष्ट सांगा, तेव्हा हे सांगणार का?
अल्क्योनी दोन आहेत हे लक्षात ठेवा. एक तुमची तारा, त्या झुपक्यातली सगळ्यात तेजस्वी. दुसरी वाऱ्याच्या राजाची मुलगी, तिचा नवरा समुद्रात बुडाला, तिनंही उडी घेतली, मग देवांनी दोघांचे खंड्या पक्षी केले. भर हिवाळ्यात ती अंडी उबवते तेव्हा चौदा दिवस तिचा बाप वारा बांधून ठेवतो अशी कथा आहे. आमच्या तळ्यावर बाभळीच्या फांदीवर जो निळा, पांढऱ्या छातीचा खंड्या बसतो ना त्याचं शास्त्रीय नाव हॅल्सियन स्मिर्नेन्सिस, ते याच नावावरून. मला स्वतःला हे नाव फार जवळचं वाटतं, पण जोडाक्षर जड आहे हे कबूल.

बाई_दिग्रस
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून हजेरीच्या बाजूनं बोलते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नाव सुंदर पण अवघड, आणि जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. शिष्यवृत्तीचे पैसे अडकले. तिचा बाप मजुरी पाडून तालुक्याला किती खेपा मारत होता ते मी पाहिलंय. तेव्हा नाव कोणतंही ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही आधी कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद सगळीकडे दाखवा. घाई नाही, जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी पण नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट टाकता येतं. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागणार, त्यामुळे तिथं चूक नको.
बाकी नावात परकं काय आहे? त्यांची पहाटेची देवी ईओस आणि ऋग्वेदातली उषा हे शब्द एकाच मुळातले आहेत असं भाषेचे अभ्यासक सांगतात. ईओस तुमच्या ‘ई’मध्ये बसतं पण, लहान आहे, विचार करा.

तळ्याकाठी_भंडारा
बाईंचं बरोबर आहे. अरिआदनीबद्दल राहिलंच. क्रीट बेटाच्या राजाची मुलगी. भुलभुलैयात बैलाच्या डोक्याचा राक्षस, आत गेलेला माणूस परत यायचा नाही, तिनं त्या राक्षसाला मारायला आलेल्या थीसियसला सुताचा गुंडा दिला, तो दाराशी बांधून उलगडत गेला आणि राक्षस मारून त्याच सुतानं बाहेर आला. पुढं त्यानं तिला नॅक्सोस बेटावर झोपेत सोडून दिलं, हे लोक नक्की काढतील. पण डायोनिसस देवानं तिच्याशी लग्न केलं आणि तिचा मुकुट आभाळात ठेवला. आपण त्याला उत्तर मुकुट म्हणतो. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकली की स्वातीजवळ अर्धी बांगडी दिसते, तोच.

कपाशीवाला_आर्वी
सगळ्याईचे आभार. इलारा कटलं, बायकोनंच कथा वाचून नाई म्हनलं. ईओस चांगलं हाय पन ओठावर बसत नाई.
काल रात्री आजी वाती वळत बसली होती. आजी सरकीतून हातानं कापूस सोडवते, मंग चिमटीत पीळ देते, मांडीवर एकदा फिरवला का वात तयार. मी म्हनलं आजी, अरिआदनी म्हन. ते म्हने आंधन? चुलीवर ठेवतो ते? मंग मी बाजूले बसून पूरी गोष्ट सांगतली, सुताच्या गुंड्याची. आजीचा हात थांबला. लहानपणी शाळेत टकळीवर सूत काताचे म्हने, तुटलं का गुरुजी हातावर छडी मारत, सूत तुटू द्याचं नाई हे तवापासून डोक्यात हाय. मंग इचारलं, त्या पोरीले सोडून गेला त्याचं नाव काय? मी सांगतलं थीसियस. आजी म्हने, त्याचं नाव थोडीच ठेवून रायलो आपन, पोरीचं ठेवतो ना. आन ‘अरू’ म्हनून हाक बी मारली, दोनदा.
बारसं येत्या रविवारी. बहिणीले फोनवर पाच-सहा वेळा नाव म्हनायले लावलं, कानात आत्यालेच सांगाव लागते. बाई, इंग्रजीत ए आर आय ए डी एन ई असंच लिहू ना? मराठीत अरिआदनी. कागद लिहून देवघरात ठेवला हाय.

बाई_दिग्रस
हो, असंच. त्या कागदाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. अरूला माझा आशीर्वाद.