डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर (डीपी) उरलेला कंटेंट: शेड्यूल लावून उडवावा की यादी बघून?

डीपीवाला
एससीसीएम, म्हणजे कंपनीच्या संगणकांवर सॉफ्टवेअर पाठवणारं मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर, सांभाळणाऱ्यांना हे नवं नाही. शाखेच्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटची (सॉफ्टवेअरच्या फाइली साठवून तिथल्या संगणकांना देणारा सर्व्हर) डिस्क भरते, नवं पॅकेज अडकतं, आणि कन्सोलमध्ये त्या डीपीवर नेमलेल्या कंटेंटची बेरीज केली तर वापरलेल्या जागेच्या आसपासही जात नाही. अ‍ॅप कधीच काढलंय, फाइली मात्र डीपीच्या एससीसीएमकंटेंटलिब या साठवणीच्या फोल्डरमध्ये तशाच पडून. काढायचा आदेश गेला तेव्हा सर्व्हर बंद असेल नाहीतर लिंक तुटलेली असेल.

१७०२ आवृत्तीपासून यासाठी कंटेंटलायब्ररीक्लीनअप हे टूल सोबतच येतं. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक डीपीसाठी महिन्यातून एकदा ते /डिलीट स्विचसह (म्हणजे थेट पुसण्याच्या आदेशासह) शेड्यूल करावं. आठवणीवर सोडलेलं काम होत नाही, आणि डिस्क भरते ती नेमकी पॅचिंगच्या (अपडेट्स पाठवायच्या) रात्री.

रात्रपाळी
इतकं कशाला? जागा हवी असेल तर त्याच साठवणीतलं फाइललिब फोल्डर उघडा, सगळ्यात मोठ्या जुन्या फाइली उडवा. दहा मिनिटांचं काम.

पॅच_मंगळवार
@रात्रपाळी, कृपा करून हे कुणाला सांगू नका. फाइललिबमध्ये फाइलीला मूळ नाव नसतं, हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला संकेत, हेच तिचं नाव. आणि हॅशच्या पहिल्या चार अक्षरांचं फोल्डर. तीच फाइल पाच अ‍ॅप्समध्ये असली तरी डिस्कवर एकदाच ठेवली जाते. कोणकोणता कंटेंट ती वापरतो, हे शेजारच्या आयएनआय फाइलीत लिहिलेलं असतं. तुम्ही 'जुनी' म्हणून उडवलेली फाइल आज चालू असलेल्या अ‍ॅपची असू शकते. मग ते अ‍ॅप परत पाठवा, तेही शाखेच्या बारीक लिंकवरून. वापरकर्ते तोवर ताटकळत.

@डीपीवाला, तुमच्या शेड्यूललाही माझा विरोध आहे. टूल स्विचशिवाय चालवलं तर फक्त यादी देतं, पुसत काहीच नाही. ही सोय विचार करून ठेवलेली आहे. शिवाय डीपीवर एखादं पॅकेज अर्धवट उतरलेलं असलं तर टूल 'पॅकेज पूर्ण इन्स्टॉल नाही' म्हणून साफसफाईच नाकारतं. तुमचा टास्क दर महिन्याला चालेल, जागा तसूभर सुटणार नाही, आणि साफसफाई होतेय या समजुतीत सगळे निवांत. लॉग पडतो तो टास्कच्या अकाउंटच्या टेम्प फोल्डरमध्ये. तिथे कोण बघतं? आणि त्या अकाउंटला फुल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. असं अकाउंट टास्कमध्ये कायमचं बसवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

डीपीवाला
अर्धवट पॅकेजचा मुद्दा बिनतोड आहे. पण म्हणून सगळं हाताने? पन्नास शाखा असतील तर याद्या कोण वाचणार? शेड्यूल यादीपुरतं ठेवू, लॉग एका शेअरवर गोळा करू. मात्र यादी स्वच्छ आली की /डिलीट आपोआप चालावं, यावर मी ठाम आहे.

कन्सोलकर
दोघेही टूलवर अडकलात. टूल फक्त अनाथ, म्हणजे कशालाच न जोडलेला, कंटेंट काढतं. डीपीला अजून नेमलेली पण कुणाला नको असलेली जुनी आवृत्ती त्याच्या दृष्टीने वैध आहे. मी पाहिलेल्या भरलेल्या डिस्कवर जास्त जागा याच जुन्या आवृत्त्या खात होत्या. 'रिटायर' केलं म्हणजे सुटलो असं लोक धरून चालतात. रिटायर केलेल्या अ‍ॅपला एकही डिप्लॉयमेंट (संगणकांना ते पाठवण्याची नेमणूक) नसेल तरच ते ६० दिवसांनी डिलीट होतं. डिप्लॉयमेंट राहिलं तर अ‍ॅप तिथेच.

एक गाठ टूलने सुटत नाही, ती हाताने सोडवावी लागते. व्हॅलिडेशन (डीपीवरच्या कंटेंटची तपासणी) इशारा देत राहतं, आणि त्या तपासणीच्या एसएमएसडीपीमॉन लॉगमध्ये असं पॅकेज दिसतं ज्याची नोंद डब्ल्यूएमआयमध्ये (विंडोजच्या अंतर्गत नोंदींमध्ये) आहे पण पीकेजीलिब या पॅकेजांच्या फोल्डरमध्ये आयएनआय नाही. ते पॅकेज त्या डीपीवर नकोच असेल, तर डब्ल्यूएमआयच्या रूट\एससीसीएमडीपीमधल्या एसएमएस_पॅकेजेसइनकंटलिब या क्लासमधून तेवढीच नोंद काढा. आधी पॅकेज आयडी दोनदा ताडून.

रात्रपाळी
फाइललिबचं पटलं, हात लावणार नाही. पण क्लायंटवरचा, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावरचा, उतरवलेल्या फाइलींचा सीसीएमकॅश फोल्डर तरी एक्सप्लोररमधून रिकामा करायला हरकत नसावी?

पॅच_मंगळवार
तिथेही तीच हरकत. फोल्डर गेला तरी क्लायंटच्या डब्ल्यूएमआयमध्ये नोंद राहते, आणि कंटेंट आपल्याकडे आहे असंच तो समजतो. कंट्रोल पॅनेलमधल्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या कॅश टॅबवरून डिलीट करा, किंवा यूआयरिसोर्समॅनेजर (क्लायंटचा कॅश हाताळणारा घटक) वापरणारी स्क्रिप्ट चालवा. कॅशची मूळ मर्यादा ५१२० एमबी असते; मोठी अ‍ॅप्स पाठवत असाल तर ती आधी वाढवा.

@डीपीवाला, आपोआप /डिलीटला माझा विरोध कायम आहे. यादी शेअरवर येऊ द्या. पुसण्याची कमांड मात्र ती यादी वाचलेल्या माणसानेच द्यावी.