सहलीला जाच, पण वही आधी मिटून

सेमिस्टर परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना मित्रांबरोबर डिसेंबरातल्या रात्रीच्या ट्रेकला जावं का, असा मूळ प्रश्न आहे. बहुतेकांनी 'आधी अभ्यास' म्हटलंय. मला ते पटत नाही.

एका दिवसाने अभ्यास बुडत नाही, तो बुडतो उजळणी न केल्याने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत जास्त विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत. नंतर वेग मंदावतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नवा धडा उघडूच नका. जुनंच वही मिटून आठवून लिहा.

गेल्या वर्षी आम्ही 13 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला गेलो होतो. माथ्यावर बोटं इतकी गारठली की थर्मासचं झाकण फिरेना. बोलताना तोंडातून वाफ. चढताना मैत्रिणीने थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम (उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते) विचारला, मी अडखळले, मग तिनेच गरम थर्मासकडे बोट दाखवून समजावला. तो प्रश्न मला पेपरात आला आणि थर्मास डोळ्यांसमोर उभा राहिला!

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. उंचीच्या दर 1000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळाच. घामाने भिजलेला टीशर्ट माथ्यावर पोचताच बदला. आणि परतल्यावर त्या दिवशी पुस्तक नको, सरळ झोपा.