मावशीच्या ट्रंकेत महिला आंदोलनांचे १४६ रोल सापडलेत, सुरुवात कुठून करू?

चाफेकळी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण पूर्ण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझी मावशी गेल्या वर्षी गेली. ती १९७२ पासून साधारण १९९० पर्यंत मुंबईत फोटो काढायची, पेपरांना आणि साप्ताहिकांना द्यायची, नोकरी कुठेच नव्हती, एका फोटोचे काय ते पैसे मिळायचे आणि बऱ्याच वेळा खाली नावही यायचं नाही. लग्न केलं नाही, परळच्या चाळीतल्या खोलीतच राहिली. ती चाळ आता रीडेव्हलपमेंटला गेलीय, खोली रिकामी करून द्यायचीय, आणि आवरताना पलंगाखालची ट्रंक उघडली तर आत बिस्किटांच्या डब्यांमध्ये निगेटिव्ह. सहा सहा फ्रेमच्या पट्ट्या, बटरपेपरात गुंडाळलेल्या. मी आणि माझ्या मुलीने बसून मोजले, १४६ रोल आहेत. थोड्या कॉन्टॅक्ट शीट (एका कागदावर अख्ख्या रोलचे छोटे छोटे प्रिंट) आहेत, थोडे प्रिंट, आणि एक लांबडी वही.

खिडकीला धरून बघितलं तर लाटणी आणि थाळ्या घेतलेल्या बायका दिसतात, गिरणीच्या गेटवरच्या सभा दिसतात, एका पूर्ण डब्यावर 'शहादा' लिहिलंय. एका रोलवर फक्त ८/३/८० एवढंच. वहीत रोल नंबर, तारीख, जागा, फिल्म कुठली (ओर्वो किंवा इंदू) सगळं नीट आहे पण माणसांची नावं जवळजवळ नाहीतच, आणि १९७५-७६ ची पानं तर फाडलेली आहेत. मला फार वाईट वाटलं, एवढी शिस्तीची बाई आणि नावंच कशी नाही लिहिली.

घरचे म्हणतात की चार चांगले फ्रेम करून लाव आणि बाकीचं कुणाला तरी देऊन टाक. मला ते पटत नाहीये. हे नीट राहावं असं वाटतं, पण मला यातलं काहीच कळत नाही. स्कॅन करू का आधी? कोणाला देऊ? नेटवर टाकले तर चालतील का?

डार्करूमवाला

ताई आधी एक करा, काहीही पुसू नका, धुवू नका, आणि डब्यांचा क्रम मोडू नका. कुठली पट्टी कुठल्या डब्यात आणि कुठल्या कागदात होती हीसुद्धा माहितीच आहे, प्रत्येक डबा उघडायच्या आधी मोबाईलवर वरून फोटो काढून ठेवा.

मग वास घ्या, खरंच सांगतोय. त्या काळातली फिल्म अ‍ॅसिटेटची असते, मुंबईच्या दमट हवेत बंद डब्यात ती सडायला लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पुढे पट्टी आकसते, वाकडी होते आणि वरचा थर सुटतो. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही, फक्त थंड आणि कोरड्या जागी हळू होतं, आणि त्या वाफेने शेजारच्या चांगल्या पट्ट्यासुद्धा जातात. म्हणून वासाचे रोल आजच वेगळे काढा आणि स्कॅनिंग त्यांच्यापासून सुरू करा. आवडत्या फोटोंपासून सुरू करायचा मोह होतो, मी माझ्या वडिलांच्या रोलच्या वेळी तेच केलं आणि नऊ रोल हातचे गेले.

ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. प्लॅस्टिकचे जे मऊ आणि वासाचे अल्बम मिळतात ते पीव्हीसीचे असतात, त्यात अजिबात घालू नका, अ‍ॅसिडविरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिप्रॉपिलीनची मिळतात ती घ्या. सिलिका जेल ठेवा, पट्टी कडेलाच धरा, सुती हातमोजे घाला. स्कॅनर नसला तरी लाइट बॉक्स, मॅक्रो लेन्स आणि बऱ्यापैकी डिजिटल कॅमेरा यावर उत्तम काम होतं, रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) काढा आणि टिफ (दर्जा न घटणारी फाइल) करून दोन वेगळ्या जागी ठेवा. प्रिंट असतील त्यांची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, शिक्का, पेन्सिलचा नंबर, कुणाला पाठवला होता, सगळं तिथेच असतं.

आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकू नका!! हे मुद्दाम लिहितोय कारण लोक टाकतात.

थाळी_लाटणं

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी त्या मोर्च्यांत होते. १९७२ नंतर मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समितीने बायकांना रस्त्यावर आणलं, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका स्टेजवर. तेल, रवा, साखर, रॉकेल हे विषय. माझी आई त्याआधी एकटी कधी दादरच्या पलीकडे गेली नव्हती आणि ती थाळी बडवत मंत्रालयाच्या दिशेने चालत होती.

तुझ्या मावशीने नावं का लिहिली नाहीत असं तू विचारतेस. अगं, लिहून ठेवायचीच नव्हती. आणीबाणीत अहिल्याताई तुरुंगात, मृणालताई आधी भूमिगत आणि मग पकडल्या, घराघरात झडत्या. फोटोवाल्याकडे नावांची वही सापडली तर कितीजणींना त्रास झाला असता याचा विचार कर. ती फाडलेली पानं मला तरी निष्काळजीपणाची वाटत नाहीत.

८/३/८० म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या खटल्यातल्या निकालाविरुद्धची निदर्शनं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, मग उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी १९७९ मध्ये कोर्टाला खुलं पत्र लिहिलं आणि त्यावरून देशभर पेटलं. मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप त्यातूनच उभं राहिलं. आणि शहाद्याचा डबा जपून ठेव, तिथे श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती, तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, त्यामुळे वहीत धुळे लिहिलेलं असेल तर गोंधळू नकोस.

स्टेजवरच्यांचे फोटो तेव्हा पेपरात आले, त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. मागच्या रांगेतल्या बायकांचे फोटो फार कमी निघाले. तुझ्याकडे ते असतील तर ते घेऊन त्या बायकांकडे जा, आणि लवकर जा. आम्ही आता सत्तरी-ऐंशीच्या आहोत.

काळा_कोट

नेटवर टाकायच्या आधी थांबा प्लीज. मावशी पगारी नोकरीत नव्हत्या ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट, पेपरच्या नोकरीत काढलेला फोटो असता तर पेपरात छापायचा हक्क मालकाचा असता. पैसे देऊन कुणी मुद्दाम काढून घेतलेले फोटो असतील तर तो वेगळा विषय, वहीत 'ऑर्डर' असं काही लिहिलंय का बघा. बाकीच्या फोटोंचा हक्क (कॉपीराइट) मावशींचा आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे तो आता वारसांकडे. मृत्युपत्र नसेल तर जेवढे वारस तेवढ्यांच्या सह्या घ्या, आज प्रेमाने मिळतात. संस्थेला देताना निगेटिव्ह देणं आणि हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, करारात वेगळ्या लिहा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बलात्कार पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८अ, आता भारतीय न्याय संहितेचं ७२. हे २२८अ आलं १९८३ च्या दुरुस्तीत आणि ती दुरुस्ती झाली याच आंदोलनामुळे, जे तुमच्या ८/३/८० च्या रोलमध्ये आहे. तेव्हा निदान त्या रोलच्या बाबतीत तरी डोळ्यात तेल घालून बघा.

नदीपलीकडे

मी बॉस्टनजवळ राहते, लायब्ररीत कॅटलॉगिंग करते. इथे केंब्रिजला श्लेसिंजर लायब्ररीत बेटी लेनचे फोटो आहेत, तीसुद्धा न्यूयॉर्कमधली फ्रीलान्स फोटोजर्नलिस्ट, १९७० च्या दशकातले स्त्रीमुक्तीचे मोर्चे तिने वर्षानुवर्षं टिपले, २०१२ मध्ये गेली. आज तो काळ शिकवायचा म्हटलं की तिचे फोटो लागतातच. डायना डेव्हिस म्हणून दुसरी एक, तिचं काम मात्र वेगवेगळ्या गावांत विखुरलंय, गे लिबरेशनचं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत, स्त्री चळवळीचं आणि तिचे कागद स्मिथ कॉलेजला, लोकसंगीताचं वॉशिंग्टनला. आता ज्याला बघायचं त्याने इतक्या ठिकाणी जायचं, आणि एकाच बाईने एकाच वर्षात हे सगळं बघितलं होतं ते कुठल्याच ठिकाणी दिसत नाही. तुमचे 'महिला' एकीकडे आणि 'गिरणी' दुसरीकडे असे तुकडे कुणी मागितले तर देऊ नका. गिरणी संपातल्या गेटसभेत खानावळवाल्या बायका असणारच ना, त्या कुठल्या फायलीत टाकणार?

मुंबईत स्पॅरो नावाची संस्था आहे, १९८८ पासून स्त्रियांचे आवाज आणि चित्रं जपण्याचंच काम करतात, आधी त्यांच्याशी बोला. फोटोजर्नलिस्ट होमाई व्यारावालांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला, तोही त्या हयात असताना.

आणि शीबा छाछी. १९८० च्या सुमाराला दिल्लीत हुंडाविरोधी निदर्शनांचे फोटो ती काढायची, स्वतः चळवळीतलीच. पुढे तिला वाटायला लागलं की मूठ उगारलेली, घोषणा देणारी बाई एवढंच चित्र सगळीकडे फिरतंय आणि त्यात ती बाई स्वतः हरवते. मग १९९० च्या सुमाराला ती त्याच मैत्रिणींकडे परत गेली, सात जणी, सत्यराणी चढ्ढा आणि शाहजहाँ आपा त्यात होत्या, आणि तुला कसं दिसायचंय ते तूच ठरव असं म्हणून त्यांचे पोर्ट्रेट काढले, कुठे बसायचं, हातात काय घ्यायचं सगळं त्यांचं. थाळीताई म्हणतायत तसं प्रिंट घेऊन जाल तेव्हा 'ही कोण' एवढंच विचारू नका, 'तुमच्याबद्दल काय लिहू' हे विचारा.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

११ रोलना वास होता, त्यातले दोन पूर्ण वाकडे झालेत पण बाकी नऊ स्कॅन झाले. भावाने आणि मामेभावांनी सह्या दिल्या. स्पॅरोला पत्र लिहिलंय. तुकडे करून देणार नाही हे आता घरच्यांनाही पटलंय.

थाळीताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी वहीतली ती फाडलेली कड परत बघितली. अगदी पट्टी लावून फाडलीय. इतके दिवस मी तिच्यावर नाराज होते.

रविवारी ४७ नंबरच्या रोलचे प्रिंट घेऊन लालबागला गेले होते, चाळीतल्या एक आजी खानावळ चालवायच्या, ८२ च्या संपात गिऱ्हाइकांना उधारीवर जेवायला घातलं आणि ते पैसे कधीच आले नाहीत असं सांगत होत्या. फोटोत स्वतःला लगेच ओळखलं. म्हणाल्या माझं पूर्ण नाव लिही, माहेरचंपण लिही. मी शेजारच्या बाईकडे बोट दाखवलं तर नाव त्यांना माहीत होतं पण म्हणाल्या, तिचं नको लिहूस, ती मोर्चाला आलेली तिच्या घरी माहीत नव्हतं, ती गेली तरी नको. मी वहीत तेवढंच लिहिलं, रोल ४७ फ्रेम २२, डावीकडून दुसरी, नाव द्यायचं नाही.

थाळीताई, लाटणं मोर्च्याचे सहा रोल आहेत. तुम्ही बघाल का?

थाळी_लाटणं

बघते तर. मला मोबाईलवर दिसत नाही, पोस्टकार्डाएवढे तरी प्रिंट काढ. शनिवारी दुपारी ये, दोघी मैत्रिणींना बोलावून ठेवते, त्यातली एक गोरेगावची आहे, तिला चेहरे माझ्यापेक्षा जास्त आठवतात. आणि आईचा फोटो असला तर आधी मला एकटीला दाखव.