फ्राइड चिकन ट्रेवर येईपर्यंत मऊ पडतंय, बिस्किटंही चपटी

जुळेसोलापूर:
अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जेवणाचं छोटं सेल्फ-सर्व्हिस काउंटर आहे. ताकात मुरवलेलं फ्राइड चिकन, बिस्किट (चहाचं नव्हे, तिकडचा मऊ पदरांचा छोटा पाव), ग्रेव्ही, मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी). गिऱ्हाईक टोकन घेतं, नंबर पुकारला की ट्रे उचलतं. चिकनचं कव्हर दहा मिनिटांत मऊ पडून सुटतं आणि बिस्किटं फुगत नाहीत. तेल घाण्याचं शेंगदाणा, ताक घरचं. कुठं चुकतंय?

कढईवाला:
तळलेलं चिकन झाकून ठेवत असाल तर पहिली चूक तीच. कडक भाकरी गरम असताना डब्यात भरली तर जे होतं तेच इथं. कागदावरही नको, खालची बाजू वाफेनं भिजते. तारेच्या जाळीवर, उघडं ठेवा.

आता ताक. आपलं ताक पाणीदार, तिकडचं बटरमिल्क घट्ट असतं. 3 वाट्या दह्यात 1 वाटी दूध फेटा. किलोभर चिकनला 15 ग्रॅम मीठ, फ्रीजमध्ये 8 तास. मग नीट निथळू द्या. 400 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम तांदळाचं पीठ, मिरपूड, काश्मिरी तिखट एकत्र करून त्यात तेच ताक 3-4 चमचे शिंपडा आणि बोटांनी चोळा. बारीक गोळ्या होतात, त्याच तळल्यावर खडबडीत, कुरकुरीत होतात. पीठ दाबून लावा आणि 15 मिनिटं जाळीवर राहू द्या. कोरडं पीठ लगेच तेलात गेलं की कव्हर सुटतंच.

शेंगदाणा तेल तिकडंही चालतं, पण रिफाइंड. घाण्याचं लवकर धुरावतं. तेल 170 अंशांवर हवं, तुकडे पडले की 150 च्या आसपास येतं. कढई भरून टाकलं तर त्याहून खाली जातं आणि चिकन तेल पितं. तंगडी 12 ते 14 मिनिटं. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणजे कच्चंच असं नाही, कोवळ्या कोंबडीत हाडातला रंग उतरतो. थर्मामीटर टोचा, 74 अंश झाले पाहिजेत. आणि तळाशी पडलेलं पीठ दर घाण्यानंतर झाऱ्यानं काढा, नाहीतर ते जळून पुढचा घाणा कडू होतो.

भट्टीताई:
बिस्किटांचं मी सांगते. 250 ग्रॅम मैदा, 12 ग्रॅम बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, 4 ग्रॅम मीठ, 85 ग्रॅम लोणी, 180 मिली घट्ट ताक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोणी हातातच वितळतं आणि मग पदर सुटत नाहीत. फ्रीझरमध्ये दगडासारखं करा, किसणीवर किसा, मैदाही थंड घ्या. पीठ मळू नका, नुसतं गोळा करून 3-4 घड्या घाला. अडीच सेंटीमीटर जाड थापा. साचा सरळ खाली दाबा, फिरवू नका, फिरवला की कडा चिकटून बिस्किट वर येत नाही. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून मांडा, 220 अंशांवर 15 मिनिटं. बेकिंग पावडर जुनी असेल तर हे सगळं वाया. चिमूटभर गरम पाण्यात टाका, फसफसली तरच वापरा.

बोर्डावर 'मऊ पदरांचं बिस्किट' लिहा दादा, लोक चहाचं समजतात.

जुळेसोलापूर:
रविवारी 20-25 टोकनं एकदम येतात. ताजं तळायला 14 मिनिटं, लोक थांबत नाहीत.

कढईवाला:
ओव्हन 95 अंशांवर, दार बोटभर उघडं, आत जाळी. अर्धा तास कुरकुरीत राहतं, पुढं मांस सुकायला लागतं. म्हणून टोकनं बघून दर 15 मिनिटांनी छोटा घाणा काढा. ग्रेव्ही चिकनवर ओतू नका, वाटीत वेगळी द्या. पार्सलच्या डब्याला भोकं हवीतच.