मांजरं लांब सोडून काय होणार?

भाऊ, तुम्ही म्हणताय गल्लीतली मांजरं पकडून तापीकाठी सोडून द्या, पण खाणं अन् आडोसा आहे तिथं दुसरी येतातच, आणि मांजर साधारण ६५ दिवसांत विते, पाचेक महिन्यांचं मादी पिल्लूही गाभण राहतं. त्यापेक्षा नसबंदी करून त्याच गल्लीत परत सोडा ना. पकडायला पिंजऱ्यात थोडी सुकट ठेवा, दार पडलं की लगेच वरून जाड चादर टाका, अंधार झाला की धडपड कमी होते. आपल्या जळगावच्या मे महिन्यात पिंजरा उन्हात ठेवूच नका हो, जीव जाईल तिचा, पहाटेच लावा. आचळं दुधाने भरलेली दिसली तर आधी पिल्लं शोधा, ती उपाशी मरतात. आणि बेशुद्ध असतानाच डॉक्टरांकडून कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे नसबंदी झालेली कोणती ते लांबूनच कळतं.