मांडीची ताकद वाढली तर गोळाफेकीचा वर्ग बदलतो का?

खानापूर_मैदान:
नमस्कार मंडळी. आमच्याकडचा एक पोरगा बसून गोळा फेकतो, वर्ग एफ ५५ (दिव्यांगांच्या स्पर्धांत बसून फेकणाऱ्यांचा एक गट; एफ ५६ मध्ये त्याहून कमी अपंगत्वाचे खेळाडू). मणक्याची इजा अर्धवट आहे, तीन वर्षं झाली. व्यायामाने मांडी उचलण्याच्या ताकदीची श्रेणी (० ते ५ पैकी) २ वरून ३ वर आलीय. घरचे म्हणतात, वर्गाची फेरतपासणी होईपर्यंत पायांचा व्यायाम थांबव, नाहीतर एफ ५६ मध्ये टाकतील. काय करावं?

निपाणी_फिजिओ:
व्यायाम अजिबात थांबवू नका. न वापरल्यामुळे आलेला अशक्तपणा हे अपंगत्व नव्हे. तपासणीला मज्जातंतूच्या इजेने गेलेली ताकद मोजायची असते. ती नीट दिसते सराव केलेल्या स्नायूतच. मुद्दाम कमी जोर लावला तर ती फसवणूक ठरते, बंदी येते.

आधी ती ३ खरी आहे का बघा. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवा, मांडी सरळ वर उचलायला सांगा. पोरं हमखास मागे रेलतात किंवा गुडघा बाहेर फिरवतात; मग दुसरे स्नायू मदतीला येतात आणि श्रेणी फुगते. गुरुत्वाविरुद्ध पूर्ण उचलली तर ३. गुडघ्याच्या जरा वर हाताने दाब दिल्यावरही टिकली, तर ४. आदल्या दिवशी जड वजनं नकोत, दुखरा स्नायू खोटा आकडा देतो.

शहापूर_थ्रो:
सरांच्या बोलण्यात भर घालतो. ४ ची श्रेणी फार रुंद आहे, त्यात ताकद कितीही वाढली तरी आकडा हलत नाही. २ ते ३ मध्ये मात्र थोडक्यावरून श्रेणी बदलते. डायनॅमोमीटरने (स्नायूचा जोर मोजणारं यंत्र) किलोत मोजलं तर बारीक फरक कळतो, पण नेमका तोच आकडा सरावाने वाढतो. मोजमाप शक्यतो सरावाने न बदलणारं हवं, असं वर्ग कसे ठरवावेत यावरच्या आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या २०११ च्या भूमिकापत्रात म्हटलंय ते यासाठीच. हातापायाची लांबी, उंची सरावाने बदलत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

खानापूर_मैदान:
आणि पोट-पाठीचा व्यायाम? त्याने फेक मीटरभर वाढलीय.

निपाणी_फिजिओ:
बिनधास्त करा. लांब फेकलं म्हणून वर्ग बदलत नाही. तो स्नायूंच्या श्रेणीवर आणि फेकताना दिसणाऱ्या हालचालीवर ठरतो. पण इजेत खरा फरक पडला असेल, तर तो कळवणं खेळाडूचं काम, लपवू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा वैद्यकीय अर्ज इंग्रजीत लागतो. दवाखान्याचे कागद कन्नडमध्ये असतील तर डॉक्टरांकडून आत्ताच इंग्रजीत लिहून घ्या, एमआरआयचा अहवाल जोडा. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी इथे चालत नाही.