शब्द बदलला की अर्थ बदलतो

जुन्या वास्तूंच्या म्हणजे वारसा जतनाच्या वार्तापत्रात संपादनाची इंटर्नशिप म्हणजे नुसतं ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. विद्यार्थी असताना मी हेच काम केलंय. एका लेखातला ‘चुन्याचा गिलावा’ मी वाचायला सोपं जावं म्हणून ‘प्लास्टर’ केला. तपासणाऱ्या वास्तुतज्ज्ञ बाईंनी तो शब्द लाल शाईने गोल करून परत पाठवला. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून धरतं आणि मग जुनी मऊ वीट भुगा होऊन झडायला लागते. वाचणाऱ्याने ‘प्लास्टर’ म्हणजे सिमेंट असं धरलं असतं तर?

‘पुनर्स्थापना’ (उभ्या वास्तूला पुराव्याच्या आधारे तिचं आधीचं रूप परत देणं) आणि ‘पुनर्बांधणी’ (नष्ट झालेलं नव्याने बांधणं) यांचंही तसंच, लोक सर्रास एकासाठी दुसरा वापरतात. 1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तू जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात, स्पष्ट आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. ती सनद छोटी आहे, रुजू होण्याआधी वाचाच.

आणि हो, फोटोखालच्या ओळीत तारीख आणि दिशा लिहा. पुढे त्या भिंतीवर काम करणाऱ्याला कदाचित तेवढाच पुरावा मिळेल.